कॉर्नवॉलचं मिनॅक थिएटर: सोलापूरहून जाताना काय लक्षात ठेवावं?

होटगीरोडकर: ऑगस्टमध्ये आई-बाबांना घेऊन मिनॅकला, म्हणजे इंग्लंडमधल्या समुद्रकड्यावरच्या उघड्या थिएटरात, संध्याकाळचं नाटक बघायचंय. हीथ्रोहून पुढे कसं जायचं? पाऊस आला तर?

सिद्धेश्वर_स्लीपर: हीथ्रोला उतरून लंडनमध्ये शिरूच नका. बसने रेडिंग गाठा, पेन्झान्सची रेल्वे तिथे मिळते. पुढे पोर्थकर्नोची बस, थिएटर त्याच गावात. नाटक संपल्यावर बस मिळेलच असं धरू नका, परतीची टॅक्सी आधी ठरवा.

तिसरी घंटा: पावसातही प्रयोग सहसा चालूच राहतो. छत्री मात्र उघडू देत नाहीत, मागच्यांना दिसत नाही म्हणून. रेनकोट घ्या. कड्यात कोरलेले गवताचे नि काँक्रीटचे टप्पे, तिथेच बसायचं. वारा ऑगस्टातही झोंबतो. आपली सोलापुरी चादर जड खरी, पण घडी घालून खाली अंथरायला तिच्यासारखं काही नाही.

कड्यावरचा: आई-बाबांचे गुडघे दुखत असतील तर किनाऱ्यावरून वर येणाऱ्या उभ्या पायऱ्या टाळा, गाडीने वरच्या पार्किंगला जा. नुसतं थिएटर बघायला वेगळं तिकीट लागतं, तेही आधीच काढा. दुपारचा प्रयोग असेल त्या दिवशी बघायची वेळ कमी असते. पहिलं नाटक १९३२ चं. नंतर हे थिएटर उभारणाऱ्या रोवेना केड कित्येक वर्षं बांधतच राहिल्या. ओल्या सिमेंटवर त्यांनी स्क्रूड्रायव्हरने काढलेली नक्षी उजेडातच नीट दिसते.