४ ऑक्टोबरपासून शाळा: मुलांना दिवसाआड नको, रोज तीन तास बोलवा

पूर्वभागातला मास्तर

येत्या सोमवारी, ४ ऑक्टोबर २०२१ ला, शहरात आठवी ते बारावी आणि गावात पाचवी ते बारावीचे वर्ग भरतायत. मार्च २०२० ला सहावीतून घरी गेलेलं पोर आता थेट आठवीच्या बाकावर येऊन बसेल. मधले काही आठवडे सोडले तर दीड वर्ष त्याने फळा पाहिलेला नाही.

सगळी चर्चा मास्क, सॅनिटायझर आणि थर्मल गनवर चाललीय. वेळापत्रकावर कुणी बोलत नाही, आणि माझ्या मते पोरं गळणार आहेत ती तिथेच.

जुलैत कोरोनामुक्त गावांत शाळा सुरू झाल्या तेव्हाची अट होती: एका बाकावर एकच विद्यार्थी, दोन बाकांत सहा फूट, वर्गात १५ ते २० मुलं. आता आमच्याकडचं, सोलापूरच्या पूर्व भागातलं बघा. तुकडीचा पट साठ. वर्गात बाकं वीस. म्हणजे एका तुकडीचे तीन गट. दिवसाआड पद्धत लावली, म्हणजे एका दिवशी एकच गट बोलावला, तर एका पोराच्या वाट्याला आठवड्यातले दोनच दिवस येतात. चार तास धरले तरी आठवड्याला आठ तास.

उरलेल्या चार दिवसांत काय होतं ते पूर्व भागात राहणाऱ्याला सांगायला नको. घरात आई विड्या वळते. दुसऱ्या दिवशी कारखान्यात माल द्यायचा असतो. नववीतली मुलगी घरी दिसली की तिच्याही मांडीवर विड्यांचं सूप येतं आणि ती पानं कापायला लागते. मुलगा यंत्रमागावर बापाच्या मदतीला जातो, आठवड्याला चार पैसे घरी येतात. ती सवय एकदा लागली की शाळेचे दोन दिवस जड वाटायला लागतात, आणि मग तेही सुटतात. गेल्या वर्षभरात माझ्या वर्गातली अशी पोरं मी पाहिलीत. काहींच्या घरी गेलो तर आई म्हणाली, "सर, आता कामाला लागलाय तो."

म्हणून म्हणणं असं की प्रत्येक पोर रोज आलं पाहिजे. तीनच तास, पण रोज. सकाळ आणि दुपार अशी दोन अधिवेशनं करा. शहरात सातवीपर्यंतचे वर्ग अजून बंद आहेत, तेव्हा ज्या इमारतीत प्राथमिकही भरते तिथले ते वर्ग रिकामे आहेत. तिथे मुलं पांगवून बसवा. गणित, विज्ञान, इंग्रजी रोज शाळेत. बाकीचे विषय फोनवर, ज्यांच्याकडे फोन आहे त्यांना.

मुख्याध्यापकांच्या बैठकीत हे मांडणार आहे. त्याआधी विरोध असेल तो ऐकायचा आहे.

दोन लेकरांची आई

विरोध आहे, आणि मनापासून आहे.

सर, तुम्ही गळतीचं सांगितलंत ते पटतं. पण माझ्या घरात सासूबाईंना साखर आहे, सासऱ्यांना दमा. एप्रिल-मे महिन्यात आमच्या गल्लीत काय झालं ते आम्ही पाहिलंय. बेडसाठी माणसं रात्रभर फिरत होती. अठरा वर्षांखालच्या मुलांना अजून लसच नाही. आणि ऑगस्टात पंढरपूर, माळशिरस, सांगोला, माढा, करमाळा तालुक्यांत पुन्हा निर्बंध लावावे लागले होते, त्याला दोन महिनेही झाले नाहीत.

रोज शाळा म्हणजे रोज रिक्षा. आमच्या रिक्षात कोरोनाआधी दहा-बारा पोरं कोंबायचे. आता एका सीटवर एक म्हणतात, पण तेवढं भाडं कोण देणार? दिवसाआड असेल तर निदान मुलाला सर्दी-ताप दिसायला एक दिवस मिळतो. शिवाय सकाळचा वर्ग सुटला आणि लगेच दुपारचा बसला, तर बाकं पुसणार कधी आणि कोण? शाळेत शिपाई किती असतात ते तुम्हालाच माहीत.

सात तारखेला मंदिरं उघडतायत, नवरात्र बसतंय. पुढे दसरा, कोजागिरीला तुळजापूरची पायी गर्दी, मग दिवाळी. एवढं सगळं पार पडू द्या, आकडे बघा, मग रोजची शाळा भरवा. महिनाभराने काही बिघडत नाही.

मागावरचा माणूस

ताई, तुमची भीती खरी हाय. पण "महिनाभराने काही बिघडत नाही" हे माझ्या घरात चालत नाही. माझी पोरगी नववीला, पोरगा आठवीला. फोन एकच, तो मी पाळीला घेऊन जातो. रात्री आठला घरी आल्यावर दोघं भांडत बसतात. मास्तर सकाळी पाठवलेलं रात्री बघतात, नेट संपलेलं असतं. ऑनलाइन शाळा आमच्याकडं झालीच नाही ओ, नुसती हजेरी झाली.

आणि मास्तर, तुम्ही विड्यांचं बोलायलाव ते खरंच हाय. माझी बायको पोरीला मुद्दाम बसवत नाही. पण पोरगी समोर बसून असती, आईचे हात दुखतेत, ती आपणहून पानं घेती. तिला काय म्हणायचं?

माझा राग वेगळ्या गोष्टीवर हाय. ते संमतीपत्र. मुलगा शाळेत यायला पालकाची लेखी संमती पाहिजे म्हणे. म्हणजे काही झालं तर तुम्हीच सही केली होती असं सांगणार. पोरगं शाळेत पाठवणं हे मी काय हट्ट म्हणून मागतोय का?

मुक्कामी एसटी

मी करमाळ्याकडच्या एका हायस्कूलवर आहे. आमच्याकडे जुलैपासून थोडं थोडं सुरू होतं, मध्ये निर्बंधांत थांबलं. तेव्हा अनुभवातलं सांगतो.

दिवसाआड पद्धतीत पहिला घोळ हा की पोरांना आपला वार लक्षात राहत नाही. सोम-बुध-शुक्रवाले मंगळवारी येऊन बसतात, त्यांना परत पाठवताना जीव तुटतो. मधे सुट्टी आली की सगळी गाडी घसरते. आणि धडा दोनदा शिकवावा लागतो, त्यामुळे अभ्यासक्रम निम्म्या वेगाने जातो.

तरीही गावासाठी दोन अधिवेशनं मला मान्य नाहीत. आमची पोरं वस्त्यांवरून येतात. सकाळची एक एसटी, संध्याकाळची एक. दुपारी सुटलेल्या मुलींनी चार-पाच किलोमीटर उन्हातून चालत जायचं, की संध्याकाळपर्यंत शाळेबाहेर बसून राहायचं? कुठला बाप पाठवेल? आमचे पट लहान आहेत, पोरं व्हरांड्यात, झाडाखाली बसवता येतात. आमच्याकडे सगळ्यांना एकदम, रोज, पूर्ण वेळ बोलावलं तर चालेल. शहराचं आणि गावाचं वेळापत्रक एकाच कागदावर लिहू नका, एवढंच.

आणि दिवाळीपर्यंत थांबा म्हणणाऱ्यांसाठी: दसरा झाला की साखर कारखान्यांची धुराडी पेटतात. ऊसतोडीच्या टोळ्या हलल्या की त्यांची पोरंही हलतात. त्यांना जाताना शिक्षण हमी कार्ड द्यायचं असतं, म्हणजे जिथे जातील तिथल्या शाळेत बसता येतं. शाळाच बंद असेल तर कुठलं पोर निघालं हे कळणार कसं?

आरोग्यसेविका

वेळापत्रक तुम्ही ठरवा, मला नियमांबद्दल बोलायचं आहे. ज्यावर पैसा आणि वेळ जाणार आहे त्यातलं बरंचसं दुय्यम आहे.

थर्मल गन ताप दाखवते. लक्षणं नसलेलं मूल तिच्यासमोरून सरळ आत जातं. दारात साठ मुलांची रांग लावून कपाळं मोजण्यात वीस मिनिटं घालवाल, आणि त्याच रांगेत मुलं एकमेकांना खेटून उभी राहतील. हा आजार मुख्यतः हवेतून पसरतो. तेव्हा पहिलं काम खिडक्यांचं. दोन्ही बाजूच्या खिडक्या आणि दार पूर्ण वेळ उघडं हवं. किती शाळांत रस्त्याकडच्या खिडक्या आवाजामुळे, चोरीमुळे खिळे मारून बंद केल्यात ते जाऊन बघा. ते खिळे या शनिवार-रविवारी निघाले पाहिजेत. पत्र्याच्या खोल्या ऑक्टोबरच्या उन्हात तापतात आणि तापलेल्या खोलीत मूल मास्क नाकाखाली ओढतंच. तिथला वर्ग सकाळीच घ्या.

दुसरं, पाणी. हात साबणाने धुवा म्हणतो, पण सोलापुरात नळाला चार-पाच दिवसांआड पाणी येतं. शाळेची टाकी पुरेशी मोठी नसेल तर तिसऱ्या दिवशी नळ कोरडा. सॅनिटायझरच्या बाटल्यांवर खर्च करण्याआधी टाकी वाढवा, टँकर ठरवून ठेवा. मुलींची स्वच्छतागृहं तर पाण्याशिवाय वापरताच येत नाहीत, आणि त्या कारणाने मुली घरी राहतात हे कोरोनाच्या आधीपासूनचं आहे.

तिसरं, जेवणाची सुट्टी ठेवू नका. मास्क उतरवून घोळक्याने खाणं हीच सगळ्यात धोक्याची वेळ. त्यासाठी तीन तासांचा वर्ग बरा. ताई, तुमच्या घरच्या दोघांचे लसीचे दोन्ही डोस झालेत का? नसतील तर शाळेच्या निर्णयाची वाट न बघता आधी ते करा.

दोन लेकरांची आई

सासूबाईंचे दोन्ही झालेत, सासऱ्यांचा दुसरा पुढच्या आठवड्यात आहे. बाकं पुसण्यापेक्षा हवा महत्त्वाची, हे ऐकून थोडा धीर आला.

पण मास्तरांना माझा प्रश्न शिल्लक आहे. शिक्षक कुठून आणणार? उपस्थिती सक्तीची नाही, म्हणजे जी मुलं येणार नाहीत त्यांचं ऑनलाइन चालूच राहणार. सकाळी एक गट, दुपारी दुसरा, संध्याकाळी फोनवर तिसरा. मास्क घालून सहा तास बोललेला माणूस रात्री व्हिडिओवर काय शिकवेल? त्यात शिक्षकांना कोरोनाच्या सर्वेक्षणाला पाठवतात, नाक्यावर उभं करतात.

पूर्वभागातला मास्तर

ताई, हाच प्रश्न बैठकीत सगळ्यात आधी येणार आहे.

एकाच शिक्षकाला सहा तास नाहीत, विषयाप्रमाणे माणूस बदलतो. पण गणित आणि विज्ञानवाल्यांवर भार पडेल, हे खरं. म्हणून दोन गोष्टी मागणार आहे. एक, ज्या संस्थेची प्राथमिक त्याच आवारात आहे तिथले शिक्षक सध्या फक्त ऑनलाइन शिकवतायत. त्यांनी आठवीच्या एका गटाचे तास घ्यावेत. दोन वर्षांपूर्वी हीच मुलं त्यांच्याच हाताखाली होती, कुठलं पोर भागाकारात अडकतं हे त्यांना ठाऊक आहे. दुसरं, शाळा चालू असेपर्यंत शिक्षकांना सर्वेक्षणाच्या आणि नाक्याच्या कामातून पूर्ण सोडा. ते नाही मिळालं तर दोन अधिवेशनं कागदावरच राहतील.

एसटीवाल्या सरांचं मान्य, माझी मागणी शहरापुरतीच आहे.

मागावरच्या दादा, संमतीपत्राची अट शाळेने काढलेली नाही आणि शाळेला ती रद्दही करता येत नाही. पण मी माझ्या वर्गातल्या पालकांना कागद घरी पाठवणार नाही. शाळेत बोलावून खिडक्या, टाकी, बाकं दाखवणार आणि मग सही मागणार.

मागावरचा माणूस

तसं असेल तर सोमवारी पाळी बदलून घेतो. दोघांना घेऊन मीच येतो. ती टाकी भरली का तेवढं बघून ठेवा.

दोन लेकरांची आई

मीही येऊन बघेन. पण सही लगेच करणार नाही. पहिला आठवडा रिक्षात किती मुलं बसवतात ते बघते, सासऱ्यांचा डोस होऊ देते. तोवर माझ्या मुलाचा ऑनलाइन तास बंद करू नका.