मदत हवी आहे : एकाच पाइपमधून पेट्रोल आणि डिझेल कसं जातं? (आणि माझा फसलेला तक्ता)

पोत्यातला माणूस

मंडळी, नमस्कार.

आजवरची नोकरी धान्याच्या वाहतुकीत गेली. पोती मोजायची, ट्रक भरायचा, पावती फाडायची. गेल्या महिन्यात तेल साठवणाऱ्या एका कंपनीच्या नियोजन विभागात लागलोय आणि सोमवारी नव्या भरतीच्या पोरांसमोर 'कच्चं तेल आणि त्याचा तयार माल कसा हलवतात' यावर अर्धा तास बोलायचं आहे. मीच नवा आणि शिकवायलाही मीच. असो.

एक तक्ता केला होता. पाइपलाइन, जहाज, रेल्वे, ट्रक असे चार रकाने. वेग, खर्च, धोका अशा ओळी. साहेबांनी पाहिला आणि दोन मिनिटांत त्याची चाळण केली. त्यांचे प्रश्न जसेच्या तसे देतो :

१. पाइपलाइन इतकी स्वस्त पडते, तर बाकीचे तिघे अजून धंद्यात कसे?

२. एकाच पाइपमधून आधी पेट्रोल, मग डिझेल. मध्ये पाइप धुतात का? मी 'मध्ये रबरी बोळा घालतात' असं लिहिलं होतं. ते खोडलं, पण उत्तर काही दिलं नाही.

३. निघालेलं तेल आणि पोचलेलं तेल यांचा आकडा जुळत नाही. कमी भरलं तर समजू शकतो, पण कधी कधी जास्त भरतं! पोत्यांच्या धंद्यात हे कधी पाहिलं नाही.

शिवाय पाइपलाइनमधला वेग मी ताशी ६० किलोमीटर लिहिलाय. त्यावर नुसतं लाल प्रश्नचिन्ह आहे.

---

झडपवाला

लाल प्रश्नचिन्ह अगदी योग्य ठिकाणी आहे. पाइपमधलं तेल साधारण ताशी ५ ते १३ किलोमीटरने सरकतं. माणूस चालतो किंवा रमतगमत पळतो, तितकंच. अमेरिकेत ह्यूस्टनहून न्यूयॉर्कच्या बाजूला माल नेणारी कोलोनिअल पाइपलाइन आहे, त्यात टोकापासून टोकापर्यंत पोचायला अडीच आठवड्यांहून जास्त वेळ लागतो. फक्त ते रात्रंदिवस सरकत असतं. ट्रॅफिक नाही, चहाला थांबणं नाही, रिकामं परत येणं नाही.

आता तुमचा बोळा. बहुतेक वेळा मध्ये काहीच घालत नाहीत आणि पाइप धूतही नाहीत. पेट्रोलच्या पाठीला पाठ लावून डिझेल सोडतात. ऐकायला भयंकर वाटतं, पण पाइप कायम काठोकाठ भरलेला असतो आणि प्रवाह खळबळता ठेवलेला असतो. प्रवाह संथ असेल तर मधलं तेल पुढे पळतं, कडेचं मागे रेंगाळतं आणि दोन मालांची सरमिसळ लांबच लांब पसरते. खळबळता असेल तर सगळं जवळपास एकाच वेगाने पुढे जातं, म्हणून मिसळ सांध्यापुरतीच राहते. म्हणूनच सांधा वाटेत असताना पंप बंद करायचा म्हटलं की आमच्या पोटात गोळा येतो. त्यातून तो सांधा चढावर उभा राहिला तर जड माल खाली घसरतो आणि हलका वर चढतो.

त्या मिसळीला आम्ही इंटरफेस म्हणतो. ती कधी येणार ते घनतेवरून कळतं. पेट्रोल हलकं, डिझेल जड. मीटरवरचा आकडा चढायला लागला की ऑपरेटर सावध. मग कुठे कापायचं, म्हणजे प्रवाह नेमका कधी दुसऱ्या टाकीकडे वळवायचा, हा खरा कसबाचा भाग. डिझेलमध्ये थोडंसं पेट्रोल गेलं तरी त्याचा फ्लॅश पॉइंट झपकन खाली येतो, म्हणजे ते कमी तापमानालाच पेट घेण्याजोगं होतं. उलट पेट्रोलमध्ये किंचित डिझेल गेलं तर तितका कहर होत नाही, पण तेही मोजून मापूनच. मधला धड हेही नाही आणि तेही नाही असा भाग वेगळ्या टाकीत घेतात. त्याचं नाव ट्रान्समिक्स. तो पुन्हा शुद्धीकरणाला जातो.

म्हणून क्रम लावतानाच डोकं चालवतात. साधं पेट्रोल आणि भारी पेट्रोल शेजारी ठेवलं तर सांध्यातला माल सरळ साध्यात ढकलता येतो, वाया काही जात नाही. विमानाच्या इंधनाला मात्र सगळे सोवळ्यातल्या बाईसारखे जपतात. त्याच्या पुढेमागे कोण बसणार हे आधी ठरतं.

बोळ्याबद्दल : तो असतो, त्याला पिग म्हणतात. पण त्याचं मुख्य काम पाइप खरवडून साफ करणं. काही पिगांच्या पोटात यंत्रं असतात, ती आतून जाता जाता भिंत कुठे गंजली, कुठे पातळ झाली ते टिपून घेतात. दोन मालांच्या मध्ये त्याला बसवणारेही आहेत, पण तो नियम नाही.

---

पोत्यातला माणूस

बाप रे. म्हणजे 'पाइप रिकामा होतो आणि मग दुसरा माल भरतात' हे माझं मूळ चित्रच चुकलं होतं.

---

झडपवाला

पाइप कधीच रिकामा नसतो. हिशेब करून बघा. पाइपचा आतला व्यास अर्धा मीटर धरला तर एका किलोमीटरमध्ये जवळपास दोन लाख लिटर मावतं. पाचशे किलोमीटर लांबीला दहा कोटी लिटर. एवढा माल पाइपातच पडून असतो आणि तो विकता येत नाही. तुम्ही या टोकाला एक लिटर ढकलता तेव्हा त्या टोकाला कोणीतरी दोन-चार दिवसांपूर्वी ढकललेला लिटर बाहेर येतो.

---

जुना डेकवाला

पहिल्या प्रश्नाचं उत्तर जहाजापासून सुरू करतो, कारण आयुष्य त्यावरच गेलं.

व्हीएलसीसी या जातीच्या टँकरमध्ये साधारण २० लाख बॅरल कच्चं तेल मावतं. एक बॅरल म्हणजे सुमारे १५९ लिटर. रेल्वेच्या मोठ्या टाकीच्या वाघिणीत ७०० बॅरलच्या आसपास आणि रस्त्यावरच्या टँकरमध्ये २०० च्या आसपास मावतं असं धरा. म्हणजे एक जहाज = शंभर वाघिणींच्या २८-२९ गाड्या = दहा हजार ट्रक. हे एवढंच फळ्यावर लिहा, पोरं गप्प बसतील. समुद्राला रूळ टाकावे लागत नाहीत आणि तेल विकणारा बदलला तर जहाजाचं तोंड वळवता येतं. पाइपलाइन वळत नाही. ती एकदा पुरली की पुढची पन्नास वर्षं त्याच दोन गावांचं लग्न लागलेलं.

पण एवढं मोठं जहाज भरलेलं असताना पाण्यात वीसेक मीटर खोल बसतं. तेवढी खोली फार थोड्या बंदरांत आहे. म्हणून किनाऱ्यापासून दूर समुद्रातच बोया नांगरलेला असतो, जहाज त्याला नाकाने बांधून घेतं आणि तेल समुद्रतळाच्या पाइपातून किनाऱ्याला जातं. सुएझ कालव्यातूनही पूर्ण भरलेलं व्हीएलसीसी जाऊ शकत नाही. मग काय करतात? इजिप्तमध्ये तांबडा समुद्र ते भूमध्य समुद्र अशी सुमारे ३२० किलोमीटरची सुमेद पाइपलाइन आहे. कालव्याच्या अलीकडच्या टोकाला थोडं तेल पाइपात सोडून जहाज हलकं करतात, ते कालवा ओलांडतं आणि पलीकडे पुन्हा भरून घेतं. साहेबांना सांगा की तुमच्या तक्त्यातले 'स्पर्धक' इथे एकमेकांना खांदा देतात.

एक गोष्ट आवर्जून सांगा : कच्चं तेल नेणारं जहाज आणि तयार माल नेणारं जहाज वेगळं. आमच्या भाषेत 'डर्टी' आणि 'क्लीन'. काल कच्चं तेल नेलेल्या टाकीत आज पेट्रोल भरायचं म्हणजे धुण्यातच दिवस जातात. कच्च्या तेलाची टाकी धुतात तीही कच्च्या तेलानेच, जोरात फवारून. तळाचा गाळ त्यातच विरघळतो.

अवांतर : रिकामी टाकी भरलेल्या टाकीपेक्षा जास्त घातक. आत तेलाची वाफ असते, तिला हवा मिळाली की ठिणगीच बाकी राहते. म्हणून आत निष्क्रिय वायू भरून ऑक्सिजन ८ टक्क्यांच्या खाली ठेवतात. मार्च १९८९ मध्ये अलास्कात एक्सॉन वाल्डेझ हे तेलाचं जहाज खडकावर चढलं, तेव्हा बहुतेक टँकरना एकेरीच कवच असायचं. दुहेरी कवचाची सक्ती त्यानंतर आली.

---

रुळावरचा

रेल्वेची बाजू थोडक्यात. विहीर नवीन, पाइपलाइन टाकायला वर्षं लागणार, पण रूळ आधीच जवळ आहेत, तिथे आम्ही. उत्तर अमेरिकेत बाकन या तेलक्षेत्रातल्या तेलाचं हेच झालं. आणि त्याचाच काळा दिवस म्हणजे ६ जुलै २०१३. कॅनडातल्या लाक-मेगांतिक गावाच्या वर चढावर उभी केलेली ७२ वाघिणींची गाडी पुरेसे हँडब्रेक लावले नसल्याने रात्री आपोआप उताराला लागली आणि गावात घसरली. ४७ माणसं गेली. कच्चं तेल म्हणजे काळं, जाड, सहजी न पेटणारं, ही समजूत तिथे जळाली. बाकनचं तेल हलकं आणि पटकन पेट घेणारं होतं. 'कच्चं तेल' या एका नावाखाली किती वेगवेगळे पदार्थ येतात ते पोरांना सांगाच. काही तेलं इतकी मेणचट असतात की पाइप तापवावा लागतो, काहींमध्ये पातळ करायला हलकं तेल मिसळावं लागतं.

---

वजनकाटा

तिसरा प्रश्न माझा. उंदीर शोधू नका, थर्मामीटर शोधा.

पेट्रोल दर अंशाला साधारण ०.१ टक्का फुगतं. वीस हजार लिटरचा टँकर दहा अंशांनी तापला की दोनशे लिटर 'वाढले'. वाढलं काहीच नाही, तितकाच माल जास्त जागा व्यापतो. म्हणून व्यवहारात आकडा ठरावीक तापमानावर आणून बोलतात, बऱ्याच ठिकाणी १५ अंश सेल्सिअस. याच कारणाने टाकी काठोकाठ भरत नाहीत, वर जागा सोडतात.

तुमच्याकडे निघतानाचा आकडा प्रत्यक्ष तापमानाचा आणि पोचतानाचा १५ अंशांचा असेल, तर देवही तो जुळवू शकणार नाही. आधी ते तपासा. मग उरलेल्या घटीची कारणं : उडून गेलेली वाफ, जहाजाच्या तळाला चिकटून राहिलेला माल, तेलासोबत आलेलं आणि खाली बसलेलं पाणी, डिप घेणाऱ्याचा, म्हणजे टाकीत पट्टी बुडवून माप घेणाऱ्याचा हात. यातलं जवळपास सगळं हातबदलाच्या जागी होतं. जहाजातून टाकीत, टाकीतून पाइपात, पाइपातून टँकरमध्ये.

---

झडपवाला

+१. ट्रकबद्दल कोणी लिहिलं नाही म्हणून : शेवटच्या टप्प्याला त्याला पर्याय नाही, प्रत्येक पंपापर्यंत पाइप कोण नेणार? टाकीत कप्पे आणि भोकांचे पडदे असतात, नाहीतर अर्धा भरलेला टँकर वळणावर आतल्या लाटेनेच उलटेल. आणि नळी जोडायच्या आधी अर्थिंगची तार. वाहत्या पेट्रोलात स्थिर वीज साठते. इथेनॉल पाण्याला ओढून घेतं, त्यामुळे ते शक्यतो पाइपात सोडत नाहीत. डेपोवर ट्रक भरतानाच पेट्रोलमध्ये मिसळतात. वेगवेगळ्या कंपन्यांची खास रसायनंही बहुधा तिथेच पडतात.

---

पोत्यातला माणूस

सगळ्यांचे मनापासून आभार. वजनकाटा, तुम्ही म्हणालात तेच निघालं. निघतानाचा आकडा दुपारच्या उन्हातला होता आणि पोचल्याचा १५ अंशांवर आणलेला. गेल्या आठवड्यात याच फरकावरून मी एका ड्रायव्हरला उगाच उलटतपासणी घेऊन बेजार केलं होतं. आज त्याची माफी मागितली.

चार रकान्यांचा तक्ता फाडला. आता एकच लिटर विहिरीपासून पंपापर्यंत चालवत नेतो आणि तो जिथे जिथे हात बदलतो तिथे थांबून बोलतो.

फक्त एक राहिलं. ते पाइपात कायमचं पडून असलेलं दहा कोटी लिटर कोणाच्या खात्यात धरायचं? साहेब हे विचारणार, नक्की.

---

झडपवाला

त्याला लाइनफिल म्हणतात. करारावर अवलंबून आहे, पण बऱ्याच ठिकाणी ज्यांचा माल जातो त्यांनीच आपापल्या वाट्याचं भरून ठेवायचं असतं. तुमच्या कंपनीचा माल पाइपने येत असेल तर साठ्याच्या ताळेबंदात ते असायलाच हवं. सोमवारच्या आधी लेखा विभागात एक चक्कर मारून या.