मदत हवी आहे: सात माणसं, कुंभार्ली घाट आणि २०१९ची इनोव्हा क्रिस्टा डिझेल. घ्यावी का?

नमस्कार मंडळी. घरात तीन आठवडे हाच विषय चालू आहे आणि आता जेवतानाही त्यावरून वाजायला लागलंय, म्हणून इथे टाकतोय.

आम्ही पुण्यात, कोथरूडला. माणसं सात: आई (७४, दोन्ही गुडघे कुरकुरतात), आम्ही दोघं, धाकटा भाऊ आणि भावजय, आमची लेक (११) आणि पुतण्या (१७, सहा फुटांना टेकलाय). गाव चिपळूणजवळ. वर्षातून सहा-सात खेपा होतात. सातारा, उंब्रज, पाटण, कोयनानगर करत कुंभार्ली उतरायचा. सध्या २०१६ची अर्टिगा डिझेल आहे. तिच्याबद्दल तक्रार करायला जीभ रेटत नाही, अजून अठराचं अ‍ॅव्हरेज देते. पण मे महिन्यात परतताना सात माणसं, आंब्याच्या चार पेट्या आणि तांदळाचं पोतं घेऊन घाट चढायला लागलो, की एसी बंद करून दुसऱ्या गिअरवर जीव मुठीत. सगळ्यात मागे लेक, आवळासुपारी चघळत, हातात पिशवी तयार.

बजेट सोळा-सतरा लाख, ऑन रोड.

भावाचा हट्ट इनोव्हाचा. नवी बजेटबाहेर, म्हणून २०१९ची क्रिस्टा २.४ मॅन्युअल बघतोय. १५० पीएस ताकद, ३४३ एनएम टॉर्क (म्हणजे ओढ), लॅडर फ्रेम (ट्रकसारखा सांगाडा), मागच्या चाकांना ताकद. बायको म्हणते, दुसऱ्याची वापरलेली कशाला? त्याच पैशात किआची नवी कॅरेन्स डिझेल घ्या, ११६ पीएस पुरे. दोघांचंही पटतं, हीच पंचाईत.

मी केलेला हिशेब असा. शहरात महिन्याला ७०० ते ८०० किमी आणि गावच्या खेपा धरून वर्षाचे साधारण १२,००० किमी. क्रिस्टा १२ देईल असं धरलं तर १,००० लिटर, म्हणजे नव्वदच्या भावाने वर्षाला ९० हजार. अर्टिगा एवढंच ६० हजारांत करते. म्हणजे महिन्याला अडीच हजार जास्त. हे मला झेपेल. भीती वाटते ती चार टायर, क्लच आणि सस्पेन्शन एकाच वर्षी निघाले तर काय, याची.

दुसरी शंका डीपीएफची. १ एप्रिल २०२०पासूनच्या बीएस-६ (धुराच्या नव्या नियमाच्या) डिझेलमध्ये काजळी अडवणारा हा फिल्टर असतो आणि ती जाळायला गाडी अधूनमधून सलग, बऱ्या वेगाने पळवावी लागते. माझा रोजचा प्रवास कोथरूड ते डेक्कन, त्यातही अर्धा वेळ सिग्नलला. नवीन डिझेल घेतली तर फिल्टर चोंदून दिवा लागेल का? २०१९ची बीएस-४ आहे, तिच्यात ही भानगड नाही असं आमचा मेकॅनिक म्हणतो.

(दिल्लीतला डिझेल गाड्यांचा दहा वर्षांचा नियम कृपया इथे आणू नका. आपल्याकडे १५ वर्षं झाली की फिटनेस आणि पर्यावरण कर, एवढं माहीत आहे.)

आता पार्किंग. क्रिस्टा ४,७३५ मिमी लांब, म्हणजे अर्टिगापेक्षा जवळजवळ दीड फूट जास्त, शिवाय पाच-सहा इंच रुंद. रात्री टेप घेऊन खाली गेलो. आमच्या जागेच्या डावीकडे खांब आहे. गाडी बसते, पण डावं मागचं दार जेमतेम वीतभर उघडतं. आई नेमकी तिथेच बसते. म्हणजे गाडी बाहेर काढून मगच तिला बसवायचं. वॉचमन म्हणाला, "साहेब, रिव्हर्स लावा ना." बरोबर आहे, तीन आठवड्यांत आमच्यापैकी कोणाला सुचलं नव्हतं.

एक अनुभव सांगून ठेवतो. एका डीलरकडे याच मॉडेलची गाडी पाहिली, मीटरवर ६२ हजार. चकाचक. पण ब्रेक-क्लचच्या पेडलचं रबर गुळगुळीत झालेलं आणि स्टिअरिंगचं लेदर दहा-दोनच्या जागी तुळतुळीत. नंबरावरून सर्व्हिसची नोंद काढली तर दोन वर्षांपूर्वीच १,०४,००० लिहिलेले! डीलर म्हणे, टायपिंगची चूक असेल. उठून आलो. आता बघतोय ती एका ओळखीच्या डॉक्टरांची आहे: ९१ हजार किमी, दोन्ही किल्ल्या, सगळी बिलं, मागणी पावणेपंधरा.

प्रश्न दोनच. एवढ्या कमी रनिंगला मोठी डिझेल घेणं शहाणपणाचं आहे का? आणि क्रिस्टात तिसऱ्या रांगेत बसून कोणी घाट केलाय का? खरं सांगा.

प्रतिसाद १
घाट केलाय, आंबा घाट, मागच्या रांगेत. मागे दोघंच असाल आणि सामान नसेल तर धक्के बसतात. गाडी भरली की छान बसते. पण वळणावर झुलते, लेकीला मागे बसवू नका. आणि तिसरी रांग उघडी असताना डिकीत ३०० लिटरच जागा उरते. चार पेट्या आणि पोतं विसरा, कॅरिअर लावावाच लागेल. डॉक्टरांची गाडी असली तरी सरकारच्या वाहन पोर्टलवर नंबर टाकून बघा: आधी टुरिस्ट परवान्यावर होती का, बँकेचा बोजा आहे का.

प्रतिसाद २
रनिंगचा हिशेब तुमचा तुम्हीच केलाय, डिझेलवर काही पैसे वाचणार नाहीत. तुम्ही ताकदीसाठी घेताय, तेवढं मान्य करा आणि घ्या. पण त्याआधी काकूंना दोन्ही गाड्यांत चढवून-उतरवून बघा. तुमच्या एवढ्या मोठ्या धाग्यात त्यांना कोणी विचारल्याचं दिसलं नाही.

धागाकर्ता
दुसऱ्या प्रतिसादाने कान धरला. रविवारी आईला घेऊन गेलो. कॅरेन्समध्ये ती कोणाचा हात न धरता बसली, पण अर्ध्या तासाने म्हणाली, "पाय खाली सोडल्यासारखे वाटत नाहीत रे." क्रिस्टात चढताना उजव्या हाताने दाराजवळची मूठ पकडली, डावा पाय वर टाकला आणि तिथेच अडली. भाजीवाल्याकडून प्लास्टिकचं स्टूल मागून आणलं. एकदा बसल्यावर मात्र कात्रजचा जुना घाट चढून परत येईपर्यंत तिने गुडघ्याचं नावही काढलं नाही. उलट म्हणाली, एवढ्या उंचावरून रस्ता तरी दिसतो.

वाहन पोर्टलवर पाहिलं: पहिलाच मालक, खासगी, बोजा नाही. लेक आणि पुतण्याची अदलाबदल केली तर पुतण्याचे गुडघे हनुवटीला लागतात, पण तो म्हणतो चालेल, खिडकी माझी.

आता एवढंच सांगा: क्रिस्टाला बाहेरून फूटस्टेप बसवल्यावर घाटात किंवा गावच्या कच्च्या रस्त्याला खाली घासते का? आणि पुण्यात मजबूत कोण बसवून देतं? डॉक्टरांना शनिवारपर्यंत टोकन द्यायचंय.