मदत हवी आहे: आयएसएस०४ या स्टेलरेटर-सूत्रातला सुधार-गुणांक (सूत्राच्या उत्तराला ज्याने गुणायचं तो आकडा) अणुभट्टीसाठी किती धरायचा?

नमस्कार. सोलापुरात एम.एस्सी. फिजिक्स करतोय, प्रोजेक्ट स्टेलरेटरवर (पिळदार चुंबकीय क्षेत्रात तप्त प्लाझ्मा कोंडणारं फ्यूजन-यंत्र) आहे. मोठ्या, वीज देणाऱ्या यंत्रात प्लाझ्मातली ऊर्जा किती वेळ टिकेल (टाऊ-ई) याचा अंदाज काढायचाय.

आयएसएस०४ हे सूत्र (२००४ चं, अनेक स्टेलरेटरांच्या मोजमापांवरून टाऊ-ई सांगणारं) पायथनमध्ये बसवलंय. पडताळणीसाठी जर्मनीतल्या वेन्डेलश्टाइन ७-एक्स या स्टेलरेटरचे आकडे घातले: मोठी त्रिज्या ५.५ मीटर, छोटी ०.५३, क्षेत्र २.५ टेस्ला, आयोटा (चुंबकीय रेषांचा पीळ) ०.९, घनता घनमीटरला ७ × १०^१९, तापनशक्ती ५ मेगावॅट. उत्तर साधारण ०.२१ सेकंद येतं, म्हणजे कोड बरोबर चालतोय असं मी धरतो.

अडचण पुढेच आहे. सूत्रात शक्तीचा घातांक -०.६१, म्हणजे शक्ती दुप्पट केली की टाऊ सुमारे ३५ टक्क्यांनी घटतो. त्यामुळे अल्फा-तापनातून (फ्यूजनमधल्या हेलियम-केंद्रकांनी प्लाझ्माला मिळणारी उष्णता) ब्रेमस्ट्रालुंग (इलेक्ट्रॉनांच्या किरणोत्सर्गातून निसटणारी ऊर्जा) वजा करायचं की नाही, यावर उत्तर बरंच हलतं. शिवाय ज्या डेटावर सूत्र बेतलंय त्यात ७-एक्स नाहीच, ते २०१५ च्या डिसेंबरात सुरू झालं. तिथं आयन-तापमान टर्ब्युलन्समुळे अडून राहतं आणि गोठवलेल्या हायड्रोजनच्या गोळ्या सोडल्या की काही काळ सुधारतं, हेही वाचलंय.

जायरोकायनेटिक कोड (प्लाझ्मातल्या टर्ब्युलन्सचं सविस्तर गणित करणारा) चालवण्याइतकी यंत्रणा माझ्याकडे नाही, साधा लॅपटॉप आहे. गाईड टोकामॅकवाले (दुसऱ्या प्रकारचं फ्यूजन-यंत्र) आहेत, त्यामुळे त्यांचा 'एच-मोडचं (टोकामॅकमधल्या जास्त ऊर्जा टिकणाऱ्या स्थितीचं) सूत्र वापर' हा सल्ला इथे उपयोगाचा नाही.

तर अणुभट्टीच्या आकारासाठी सुधार-गुणांक १ च ठेवावा की १ ते १.५ असा पट्टा दाखवावा, आणि शक्ती निव्वळ (ब्रेमस्ट्रालुंग वजा करून) घ्यावी की एकूण?