गणपतराव देशमुख: अकरा विजयांचं करायचं काय?

माणकाठचा (धागालेखक)

निवडणुकीचा विषय निघाला की गणपतराव देशमुखांवरचा एक मजकूर हमखास फिरतो. एक पक्ष, एक मतदारसंघ, अकरा वेळा आमदार, एसटीने प्रवास. खाली हात जोडल्याच्या चित्रांची रांग. मजकूर खोटा नाही. माझा आक्षेप त्यामागच्या गृहीतकाला आहे: माणूस इतक्या वेळा निवडून आला म्हणजे त्याने तालुक्याचं भलं केलंच असणार.

आधी हिशेब मांडतो. सोलापूर जिल्ह्यातल्या सांगोल्यातून शेतकरी कामगार पक्षातर्फे (शेकाप) 1962 आणि 1967 ला विजय. 1972 ला पराभव, पण 1974 च्या पोटनिवडणुकीत पुन्हा आमदार. मग 1978, 1980, 1985, 1990 सलग. 1995 ला काँग्रेसच्या शहाजीबापू पाटलांकडून 192 मतांनी हार. त्यानंतर 1999, 2004, 2009, 2014. पहिल्यांदा सभागृहात गेले तेव्हा यशवंतराव मुख्यमंत्री होते, शेवटच्या खेपेला फडणवीस. 1978 ला शरद पवारांच्या पुलोद आघाडीच्या आणि 1999 ला विलासरावांच्या मंत्रिमंडळात मंत्रीही होते.

आणि या सगळ्या काळात सांगोल्याची राज्यभर ओळख काय? दुष्काळी तालुका. टँकर, चारा छावण्या, रोजगार हमीची कामं. सुमारे पन्नास वर्षं एकच आमदार असताना पाण्याचा प्रश्न त्याच्या हयातीत सुटत नसेल, तर अकरा हा आकडा अभिमानाने सांगायचा की जरा दबक्या आवाजात? साधेपणाबद्दल आदर आहेच. पण साधं राहणं हे आमदाराचं काम नव्हे. मला तर ती 192 मतं अकरा विजयांपेक्षा बोलकी वाटतात.

---

बावटा

नेहमीची शहरी तक्रार. आमदाराच्या खिशात धरण असतं असं समजून लिहिलेली.

या पन्नास वर्षांतली बहुतेक वर्षं ते विरोधी बाकांवर होते. सांगोल्याच्या डोक्यावर नदी नाही. माण आहे, ती पावसाळा सोडला तर वाळूची. पाणी आणायचं तर कृष्णेतून उचलून आणायचं, म्हणजे शेकडो कोटींची योजना आणि कायमचं वीजबिल. ते एका आमदाराच्या निधीतून होत नाही, त्यासाठी राज्याचं धोरण वाकवावं लागतं. स्वातंत्र्यसैनिक नागनाथअण्णा नायकवडींसोबत गणपतरावांनी नेमकं तेच केलं. दुष्काळी भागाला पाणी मागणारी आटपाडीची पाणी परिषद 1993 पासूनची, तेरा दुष्काळी तालुक्यांची. लोक मोर्चाला एकदा येतात, दोनदा येतात. इथे वर्षानुवर्षं येत राहिले. समन्यायी पाणीवाटप, म्हणजे सगळ्यांना न्याय्य वाटा, हा शब्द विधानसभेच्या पटलावर यायच्या आधी त्या मांडवात बोलला जात होता.

सूतगिरणीचं नावही धाग्यात नाही. जिथे ऊसच नाही तिथे साखर कारखान्याच्या जोरावर राजकारण करता येत नाही. यांनी सहकारी सूतगिरणी उभी केली आणि चालवून दाखवली. महाराष्ट्रातल्या किती सूतगिरण्या अवसायनात गेल्या ते एकदा बघा, मग बोलू.

---

वारणेकर

बावटा, पाणी परिषदेचं श्रेय मान्य. पण एक तारीख तुम्ही सोयीने वगळलीत. कृष्णा खोरे विकास महामंडळ 1996 चं. कृष्णेचं पाणी दुष्काळी भागाला उचलून देणाऱ्या टेंभू योजनेचं काम सुरू झालं तेही त्याच सुमारास. सरकार शिवसेना-भाजप युतीचं. आणि त्या वेळी गणपतराव सभागृहात नव्हतेच! 1995 ते 1999 सांगोल्याचे आमदार शहाजीबापू होते.

म्हणजे तेहतीस वर्षांत जे झालं नाही ते नेमके आमदार घरी असताना सुरू झालं. मी शहाजीबापूंना श्रेय देतोय असं नाही. पण या न्यायाने गणपतरावांनाही देता येत नाही.

---

बावटा

तारीख मी वगळलेली नाही, ती माझ्याच बाजूची आहे. महामंडळ निघालं ते युतीला दुष्काळाचा पाझर फुटला म्हणून नव्हे. कृष्णेचं पाणी राज्यांत वाटून देणाऱ्या बच्छावत लवादाने महाराष्ट्राच्या वाट्याचं पाणी ठरवून दिलं होतं आणि मे 2000 नंतर त्या वाटपाचा फेरविचार होऊ शकत होता. त्याआधी पाणी अडवा, नाहीतर वाटा धोक्यात, अशी घाई होती. घाई सरकारची, पण त्या घाईत दुष्काळी तालुके मागे पडू नयेत हा रेटा परिषदेचा. नाहीतर कृष्णेचं पाणी नदीकाठच्या उसालाच गेलं असतं, जसं आधीची तीस वर्षं गेलं.

सभागृहात नसताना माणूस रस्त्यावर होता. आमदारकी गेली की फोन बंद करणारे आपण पाहिलेत.

---

आकडेमोड

वाद चालू द्या, फक्त एक दुरुस्ती. त्या फिरत्या मजकुरात कधी देशविक्रम लिहिलेलं असतं, कधी जागतिक. ते चूक आहे. करुणानिधी 1957 ते 2016 दरम्यान तेरा वेळा निवडून आले, एकदाही हरले नाहीत. अर्थात मतदारसंघ बदलत. मतदारसंघ न बदलण्याची अट घातली तरी केरळच्या पाला मतदारसंघाचे के. एम. मणी आहेतच, 1965 ते 2016 सलग तेरा विजय. ओमन चंडी पुदुपल्लीतून 1970 पासून बारा वेळा.

महाराष्ट्रात मात्र गणपतरावांच्या पुढे कोणी नाही. बाळासाहेब थोरात आठ वेळा जिंकून 2024 ला पडले.

पण मला या यादीत वेगळंच दिसतं. करुणानिधी पाच वेळा मुख्यमंत्री. मणी केरळचे अर्थमंत्री, अनेक अर्थसंकल्प मांडलेले. चंडी मुख्यमंत्री. गणपतरावांकडे सत्तेची वर्षं हाताच्या बोटांवर मोजण्याइतकी. सत्ता नसताना अकरा वेळा निवडून येणं हे सत्तेतून तेरा वेळा येण्यापेक्षा अवघड, असं माझं मत.

---

तिरकस

आकडेमोड यांचंच वाक्य उलटं फिरवतो. सत्ता नसताना अकरा वेळा निवडून येतो याचा अर्थ मतं कामावर पडत नव्हती. मग कशावर पडत होती? सांगोल्यात धनगर समाजाची मतं किती हे जिल्ह्यातला प्रत्येक कार्यकर्ता जाणतो, फक्त गौरवलेखांत ते येत नाही. 2014 ला राष्ट्रवादी सोबत होती हेही येत नाही.

आणि लाल बावट्याचा, म्हणजे शेकापचा, माणूस 1999 ला काँग्रेस-राष्ट्रवादीच्या मंत्रिमंडळात बसतो, 2002 ला पक्ष पाठिंबा काढतो, पुन्हा पुढे त्याच आघाडीच्या आसपास. निष्ठा पक्षाच्या नावाशी होती, हे मान्य. भूमिकेशी होती का, हा प्रश्न वेगळा.

---

डाळिंबवाला

मी सांगोला तालुक्यातलाच. वरचं सगळं वाचलं. जातीचं गणित आमच्याकडं न्हाय असं म्हनत न्हाय, पर निसत्या जातीवर अकरा वेळा कोन येत न्हाय. जातीचाच हिशोब आसता तर 72 ला आन् 95 ला पडलंच नसतं. सगळ्या समाजाची मतं होती. तालुक्याच्या ऑफिसात काम आडलं तर म्हातारा सोता जाऊन बसायचा, मधी एजंट न्हाय, पैसा न्हाय. पुन्या-मुंबईच्या मानसाला ह्याची किंमत कळनार न्हाय. सातबाऱ्यावरची एक नोंद म्हंजे आमच्याकडं सहा म्हैने.

पन धागालेखकाचं बी एक खरं हाय. आमची प्रगती डाळिंबानं केली, आमदारानं न्हाय. शेततळी पाडली, ठिबक केलं, अजनाळ्यासारख्या गावात बंगले उठले. डिसेंबर 2020 ला शंभरावी किसान रेल सांगोल्यातनं बंगालला गेली, खुद्द पंतप्रधानांनी झेंडा दाखवला. तवर बागा तेल्या रोगानं खाल्लेल्या, मागनं खोडाला भोकं पाडनारा किडा आला. तिथं कुठलाच आमदार कामाला आला न्हाय, जुना बी न्हाय नवा बी न्हाय.

---

माणकाठचा

डाळिंबवाला, तालुक्याच्या ऑफिसात जाऊन बसणारा आमदार, हे तुम्ही कौतुकाने लिहिलंय आणि ते कौतुक रास्त आहे. पण ते ऑफिस सुधारलं का? एका नोंदीला सहा महिने 1965 ला लागत असतील आणि तुम्ही म्हणता अजून लागतात, तर मधल्या काळात आमदाराने जाऊन बसण्याखेरीज काय केलं? माझा मुद्दा इथेच आहे. लोकांची कामं एकेक करून सोडवणारा नेता लोकप्रिय होतो, आणि ऑफिस जसं होतं तसं राहतं, किंबहुना ते तसं राहिलं तरच त्याची गरज टिकते. गणपतरावांनी हे हेतुपुरस्सर केलं असं मी अजिबात म्हणत नाही.

---

बावटा

हेतू नव्हता म्हणता आणि आरोपही करता. छान.

आमदाराचं मोठं काम सभागृहात असतं. शेकापच्या आमदारांनी तिथे काय केलं ते बघा. कृष्णराव धुळप दहा वर्षं विरोधी पक्षनेते, मग दि. बा. पाटील, 1977 ला स्वतः गणपतराव, नंतर दत्ता पाटील. रोजगार हमीचा कायदा एका रात्रीत झाला नाही, 72 च्या दुष्काळात खडी फोडणाऱ्यांच्या मजुरीसाठी ज्यांनी सरकारला भंडावून सोडलं त्यात हीच मंडळी होती. तेव्हा वाहिन्या नव्हत्या, म्हणून तुमच्यापर्यंत चित्रफीत पोचलेली नाही.

---

वारणेकर

आणि मग तो पक्ष गेला कुठे? ज्याच्याकडे विरोधी पक्षनेतेपद असायचं त्याचे 2014 ला तीन आमदार, 2019 ला एक, 2024 ला एक. गणपतराव जिंकत राहिले आणि पक्ष आटत गेला. शेजारच्या एका तालुक्यातही दुसरा गणपतराव उभा राहिला नाही. हे अपयश त्यांच्या खात्यावर मांडायचं की नाही?

---

तिरकस

दुसरा गणपतराव घरातच शोधला ना! 2019 ला वयामुळे स्वतः थांबले. आधी एका कार्यकर्त्याचं नाव ठरलं होतं, ते बदलून नातवाला, अनिकेत देशमुखांना, उभं केलं. 768 मतांनी पडले. 2024 ला दुसरे नातू, बाबासाहेब. ते आले. आयुष्यभर घराणेशाहीवर टीका करणाऱ्या पक्षाला साठ वर्षांत आडनावाबाहेरचा उमेदवार सापडू नये?

---

आकडेमोड

तिरकस, नाव बदलण्याचा आग्रह कार्यकर्त्यांचा होता, पण मुद्दा खोडण्यासारखा नाही.

मला मौज शहाजीबापूंची वाटते. 1995 ला 192 मतांनी विजय, 2019 ला 768 मतांनी. दोन्ही मिळून हजार मतंही होत नाहीत. एवढ्या भांडवलावर माणूस 2022 च्या शिवसेनेतल्या बंडात गुवाहाटीला गेला आणि ‘काय झाडी, काय डोंगार’ या एका वाक्याने गणपतरावांना पन्नास वर्षांत मिळाली नसेल एवढी प्रसिद्धी एका आठवड्यात मिळवून आला. 2014 ला गणपतरावांनी याच गृहस्थांना 25 हजारांच्या आसपास मतांनी हरवलं होतं, तेव्हा वय अठ्ठ्याऐंशीच्या घरात.

---

डाळिंबवाला

बापूचं वाक्य काय बी आसू द्या, बोलायला मानूस झकास हाय.

---

माणकाठचा

वारणेकरांच्या प्रश्नाचं उत्तर अजून कोणी दिलेलं नाही. बावटा?

---

बावटा

देतो. पक्ष आटला कारण साखर कारखाने, बँका, दूध संघ हे सगळं काँग्रेसच्या आणि नंतर राष्ट्रवादीच्या हाती गेलं, आणि कार्यकर्त्याला पोट असतं. आमचे लोक फोडले गेले, काही आपणहून गेले. गणपतरावांना ते थांबवता आलं नाही, हे खरं. पण जुलै 2021 मध्ये ते गेले त्यानंतर तीनच वर्षांत त्याच बावट्यावर सांगोल्याने नातवाला 25 हजारांहून जास्त मतांनी निवडून दिलं. पुतळ्याच्या अनावरणाला पवार आणि फडणवीस एका व्यासपीठावर आले होते, मतपेटीसाठी दोघांपैकी कोणी आलं नव्हतं.

---

तिरकस

मतपेटीसाठी दीपक साळुंखे आले होते की. ठाकरेंच्या मशालीवर उभे राहून 50 हजारांच्या वर मतं घेऊन गेले. शहाजीबापू आणि साळुंखे यांची बेरीज करा, बाबासाहेबांच्या मतांपेक्षा जास्त भरते. 2029 ला सरळ लढत झाली तर बोलू.

---

बावटा

बेरीज करायची तर 1995 पासून करा. मी इथेच आहे.