जुन्या दस्तांतला ‘मार्क’: तोलायचा की मोजायचा?

तागडी:
जर्मन, इंग्रजी, डॅनिश, स्वीडिश, सगळीकडे मार्क आहे, आणि माझं ठाम मत आहे की तो आधी वजन, मग पैसा. मार्क म्हणजे ८ औंस. कोलोनचा मार्क सुमारे २३३.८६ ग्रॅमचा. इंग्लंडात टॉवर पौंड (टाकसाळीत चालणारं जुनं वजन) १२ औंसांचा, म्हणून मार्क त्याचा दोन तृतीयांश: पौंडाचे २४० पेनी, मार्काचे १६०. हिशेबवह्यांत १३ शिलिंग ४ पेन्स (शिलिंगाचे १२ पेनी) हा आडनिडा आकडा सारखा दिसतो तो त्यामुळेच. वेसेक्सचा राजा आल्फ्रेड आणि डेन राजा गुथ्रुम यांच्या नवव्या शतकातल्या तहात मनुष्यवधाची भरपाई आठ अर्धे मार्क आटवलेलं सोनं अशी लिहिली आहे. ते तोलूनच द्यायचं.

टाकसाळकर:
उगम मान्य, पण त्यावरून वाचनाचा नियम काढू नका. इंग्लंडात मार्काचं नाणं पाडलंच नाही, तो १६० पेनींचा हिशेब होता. टॉवर तोलाची पेनी २२.५ ग्रेनची (ग्रेन म्हणजे सुमारे ०.०६५ ग्रॅम), तेव्हा १६० पेनी म्हणजे ३६०० ग्रेन, २३३.३ ग्रॅम. इथवर जुळतं. १३५१ मध्ये पेनी १८ ग्रेनवर आली, मार्क १८६.६ ग्रॅमचा झाला. १४१२ मध्ये १५ ग्रेन, म्हणजे १५५.५ ग्रॅम, आणि तेही स्टर्लिंग (९२.५ टक्के चांदी), शुद्ध चांदी नव्हे. १४२० च्या दस्तातले १०० मार्क कुणी २३.३ किलो धरले, तर पावणेआठ किलो चांदी हवेतून आली! ही चूक भाषांतरांच्या तळटिपांत घुसली की निघत नाही.

तागडी:
इंग्लंडपुरतं बरोबर. पण प्रशिया या जर्मन राज्याच्या थेलरवर, म्हणजे चांदीच्या नाण्यावर, काय कोरलंय? ‘एका शुद्ध मार्कात १४’. नाणं २२.२७ ग्रॅमचं, कस १६ पैकी १२ लोट (लोट म्हणजे मार्काचा सोळावा भाग), म्हणजे शुद्ध चांदी १६.७ ग्रॅम. चौदाने गुणा, कोलोनचा मार्क हातात येतो. १८५७ च्या नाण्यांविषयीच्या व्हिएन्ना करारानंतर ५०० ग्रॅमचा पौंड आला आणि मजकूर ‘एका पौंडात ३०’ झाला. एकोणिसाव्या शतकातही तो शब्द तराजूवरच होता.

गुंजभर:
दोघांनी स्कँडिनेव्हिया सोडलात, आणि खरी गोची तिथेच. १ मार्क = ८ ओरे = २४ ओर्तुग, हे पक्कं. पण ओर्तुगाचे पेनिंग (तिथली पेनी) स्वीडनच्या स्वेआलँड प्रांतात ८, योतालँडमध्ये १६. म्हणजे एकाच राज्यात मार्क कुठे १९२ पेनिंगांचा, कुठे ३८४ चा. म्हणून आधी विशेषण शोधा. ‘जाळलेला’ मार्क म्हणजे शुद्ध केलेली चांदी, ती तोला. पेनिंगांचा मार्क असेल तर आधी प्रांत, मग साल, मग गुणाकार.

टाकसाळकर:
हे पटलं. मात्र १८७१ च्या कायद्यानंतरचा जर्मन मार्क या वादात आणू नका. ५०० ग्रॅम शुद्ध सोन्याचे १३९५ मार्क, म्हणजे एकाला ०.३५८ ग्रॅम. ८ औंसांशी त्याचं काहीही नातं उरलेलं नाही.