चलनातली स्मारक नाणी: तीन नातवंडांसाठी सारखे संच कसे लावायचे?

धरमपेठची_आजी
नमस्कार मंडळी. चिल्लरीतून वेळोवेळी बाजूला काढलेली सहाएकशे नाणी डब्यात आहेत. १, २, ५, १० रुपयांची, थोडी पैशांचीही. तीन नातवंडांना तीन सारखे संच द्यायचे आहेत. सालवार लावू की विषयवार? काळवंडलेली नाणी चिंचेने घासू का? आणि नागपूरच्या हवेत कोणता अल्बम टिकेल?

इतवारीकर
काकू, विषयवारच लावा. सालवार लावलं की मधली सालं रिकामी राहतात आणि पोरांना फक्त रिकामे खणच दिसतात.

आधी नेहमीची नाणी वगळा, निम्मा डबा तिथेच हलका होईल. नकाशा आणि झेंडा असलेलं ११ बाजूंचं २ रुपयांचं नाणं बहुतेक जण स्मारक म्हणून जपून ठेवतात. १९९२ ते २००४ मधलं ते रोजच्या चलनातलंच आहे. अंगठा किंवा दोन बोटं दाखवणारी १ आणि २ रुपयांची नाणीही तशीच.

उरलेल्यांवर लोहचुंबक फिरवा. पोलादी नाणी चिकटतात, तांबं-निकेलची चिकटत नाहीत. १९९९ चं संत ज्ञानेश्वरांचं १ रुपयाचं नाणं चिकटेल, त्याच सालचं शिवछत्रपतींचं २ रुपयांचं चिकटणार नाही. चेहरा झिजून ओळखू येत नसेल तेव्हा याचा फार उपयोग होतो.

मग विषय. आपल्याकडच्या मुलांसाठी सगळ्यात छान जमतो तो महाराष्ट्राचा संच: बाबासाहेबांचं १ रुपया (१९९०), ज्ञानेश्वर आणि शिवछत्रपती (दोन्ही १९९९), तुकाराम महाराज १ रुपया (२००२), लोकमान्य टिळक ५ रुपये (२००७), आणि पुन्हा बाबासाहेब, १० रुपये (२०१५). सहा नाण्यांत १ पासून १० रुपयांपर्यंत सगळं येतं. दीक्षाभूमीच्या गावातल्या मुलांना बाबासाहेबांची दोन नाणी शेजारी ठेवून दाखवा, २५ वर्षांत धातू आणि आकार किती बदलला ते लगेच कळतं.

सारखेपणासाठी एकच हिशोब: सगळ्यात कमी असलेलं नाणं आधी मोजा. तुकाराम महाराज दोनच निघाले तर तिसरं मिळेपर्यंत तो खण तिघांचाही रिकामा ठेवा. त्या जागी दुसरंच काही भरलं की संच सारखे राहत नाहीत.

भिंगवाले_काका
वरच्यांशी सहमत, एक भर. बहुतेक नाण्यांवर सालाखाली टांकसाळीची खूण असते. मुंबईचा पत्त्यांतल्यासारखा चौकट, हैदराबादचा तारा, नोएडाचा गोल ठिपका, कोलकात्याची खूणच नाही. १० पट भिंग घ्या आणि उजेड बाजूने पाडा, वरून नको. झिजलेला तारा ठिपक्यासारखा दिसतो आणि पुसलेली खूण कोलकात्याच्या नावावर जाते, म्हणून शंका असली की चिठ्ठीवर टांकसाळ लिहूच नका. तिन्ही संचांत टांकसाळही सारखी असावी हा आग्रह धरलात तर एकही संच पुरा होणार नाही.

कूलरची_हवा
चिंच, लिंबू, पितांबरी काहीच नको! आम्लाने ५ रुपयांच्या पितळी नाण्यातलं जस्त आधी निघतं आणि तांब्याची गुलाबी झाक वर येते. ती परत जात नाही. कोमट पाण्यात भांड्याच्या साबणाचा एक थेंब, १० मिनिटं भिजवा, शेवटी डिस्टिल्ड वॉटरने धुवा (बोअरच्या पाण्याचे पांढरे डाग पडतात), सुती कापडाने टिपा. घासायचं नाही.

मऊ, वास येणारा पीव्हीसीचा अल्बम घेऊ नका. मे महिन्यात पारा ४५ ला गेला की त्यातलं तेल सुटतं आणि नाण्यावर हिरवा चिकट थर बसतो. खिडकीवाले पुठ्ठ्याचे होल्डर घ्या: ५ रुपयांचं २३ मिमीचं नाणं २५ च्या खिडकीत, ११ बाजूंचं २ रुपयांचं २६ मिमीचं असतं, ते २७.५ मध्ये, १० रुपयांचं २७ मिमीचं ३० मध्ये. स्टेपलच्या पिना पक्कडीने दाबून सपाट करा, नाहीतर शेजारच्या नाण्यावर ओरखडे येतात. कूलर असलेल्या खोलीत अल्बम ठेवू नका. लोखंडी कपाटात, सिलिका जेलच्या पुडीसोबत ठेवा.

धरमपेठची_आजी
चिंच रद्द! एशियाडची १० आणि २५ पैशांची नाणीही निघाली आहेत. ती चालतील का? आणि वैष्णोदेवीच्या नाण्याला लाखो रुपये मिळतात असं मोबाइलवर येतं, ते?

इतवारीकर
१९८२ ची ती नाणी संचात नक्की घाला. २५ पैसे आणि त्याखालची नाणी ३० जून २०११ पासून चलनातून बाद आहेत, पण संचाला त्याने काही बाधा नाही. १० पैशांचं ॲल्युमिनियमचं, मऊ असतं, तेव्हा त्याला स्वतंत्र होल्डर द्या. वैष्णोदेवीचं वापरलेलं नाणं सहज मिळतं. त्यासाठी कुणी आगाऊ ‘फी’ मागितली तर फोन ठेवून द्या.